पहिलं हळकुंड

प्रेमसिंगच्या नाकाची कीर्ती औंढ्यापासून आखाडा बाळापूरपर्यंत पोचली होती, आणि ती त्यानं मिरवली नाही असं म्हणाल तर ते खोटं होईल. चांगली मिरवली. हळद शिजवणारे कुकर आता गावोगाव झालेत; पण बाकीचे कुकरवाले ढोलाचं झाकण उघडून हळकुंडात काडी खुपसतात, आणि काडी आरपार गेली की हळद शिजली म्हणतात. प्रेमसिंगला काडी लागत नसे. तो भट्टीपासून चार पावलं लांब उभा राहायचा, डोळे मिटायचा, आणि जरा वेळानं त्याचा उजवा हात वर जायचा. हात वर गेला की वाफेची चावी बंद करायची. हळद जास्त शिजली तर रंग उतरतो, कमी शिजली तर वाळल्यावर आतून पिठूळ होते. पाच वर्षांत त्याचा एक ढोल चुकला नव्हता. म्हणूनच बाळापूरकडचे मोठे नवे कुकर मोकळे उभे असतानाही शेतकरी त्याच्या दोन ढोलांच्या खटाऱ्याची वाट पाहत थांबायचे.

रुक्माबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, काम भट्टीवर. पऱ्हाट्या-तुराट्या खाली सारायच्या, टाकीतलं पाणी पाहायचं, आणि नवऱ्याचा हात वर गेला की चावी फिरवायची. भट्टीशी बसून बसून तिचंही नाक तयार झालं होतं. हळद शिजताना आधी उकडलेल्या मातीचा वास येतो, मग नाकाला झोंबणारा कच्चा वास येतो, आणि मग एकाएकी तो कच्चेपणा विरतो आणि उकडलेल्या रताळ्यासारखा गोडसर वास सुटतो. पुष्कळदा प्रेमसिंगचा हात वर जायच्या आधीच तिचा हात चावीवर गेलेला असायचा. पण हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. एका घरात दोन दोन शहाणी नाकं कशाला हवीत, असा तिचा विचार.

कुकर घ्यायच्या आधी दोघांनी नऊ हंगाम ऊस तोडला होता. दसरा झाला की मुकादमाची गाडी तांड्यावर यायची आणि अर्धा तांडा तीत चढायचा. आठव्या हंगामात, कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोपीत, थंडीच्या दिवसांत त्यांची पहिली लेक मिना गेली. आठ महिन्यांची होती. छाती भरली, दवाखाना लांब होता, आणि त्या दिवशी ट्रक भरून द्यायचा राहिला होता. पुढच्या वर्षी पुजा झाली तेव्हा रुक्माबाई नवऱ्याला एवढंच म्हणाली, "हे लेकरू म्या फडात नेणार न्हाई." प्रेमसिंगनं बैल विकले, तिनं लग्नापासून कानाशी लोंबणारी चांदी उतरवून दिली, आणि कुकर आला. ज्या दिवशी आला त्या दिवशी प्रेमसिंगनं घरातले दोन्ही कोयते पत्र्याखालच्या आढ्यात खोचले.

"आता हे खाली येणार न्हाईत," तो म्हणाला.

रुक्माबाईला जगाकडून तेवढंच हवं होतं. ते कोयते तिथंच गंजून जावेत.

धंद्याच्या काही रीती पडल्या होत्या. संक्रांतीला शेतकरी तिळगूळ घेऊन तांड्यावर यायचे आणि तारीख पक्की करून जायचे. शेतात पहिला ढोल रिकामा झाला की प्रेमसिंग त्यातलं एक गरम हळकुंड मोडायचा, अर्धं भट्टीत टाकायचा आणि अर्धं घरच्या बाईच्या हातात द्यायचा. बाई ते देवघरात ठेवायची. आणि एक रीत त्या दोघांची स्वतःची होती. दुसऱ्याच्या बांधावर आपली बोली बोलायची नाही. पहिल्याच वर्षी एका शेतकऱ्यानं दोघांना गोरमाटीत बोलताना ऐकलं, त्याला वाटलं काही दडवायचा बेत चाललाय, आणि निघताना त्यानं त्यांचं गाठोडं सोडून पाहिलं. गाठोड्यात भाकरी होत्या आणि पुजाचं झबलं होतं. तेव्हापासून प्रेमसिंगनं ठरवलं की घरात काय बोलायचं ते बोला, बांधावर फक्त मराठी. मालकाला आपला शब्दन्‌शब्द कळला पाहिजे.

मग कोरोनाची दुसरी लाट आली आणि प्रेमसिंग अकरा दिवस हिंगोलीच्या दवाखान्यात पडून राहिला. तांड्यातल्या लोकांनी त्याची आशा सोडली होती. तो मात्र चालत घरी आला, हाडांचा सापळा होऊन. रुक्माबाईनं दारात त्याच्यावरून भाकर-पाणी ओवाळून टाकलं आणि आता सगळं मिळालं असं समजून चालली.

चार-आठ दिवसांनी ती पाण्याला गेली आणि चुलीवर दूध राहिलं. परत आली तर अख्खी गल्ली करपट वासानं भरलेली, शेजारीण नाकाला पदर लावून बाहेर उभी, आणि प्रेमसिंग चुलीपासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून निवांत पुजाची पाटी पुसत बसलेला.

"दूध जळालं न्हवं," ती म्हणाली.

त्यानं पातेल्याकडं पाहिलं.  "डोळा लागला व्हता," तो म्हणाला.

पाटी पुसता पुसता कुणाचा डोळा लागतो? रुक्माबाईनं करपलेलं पातेलं घासायला बाहेर नेलं. त्यानंतर तिनं त्याला पाहायला सुरुवात केली. तो घरामागं जाऊन लिंबाची पानं चुरगळायचा आणि नाकाशी धरायचा. कधी कापूर, कधी कांदा. बहिऱ्या माणसाला कुणी लांबून हाक मारावी आणि त्यानं नुसते ओठ हलताना पाहावेत, तसं तोंड करून तो उभा राहायचा. मग पानं टाकून द्यायचा, हात धुवायचा आणि घरात येऊन विचारायचा, आज काय केलंस खायला. जेवण पुढ्यात असायचं.

डॉक्टर म्हणाले होते, काहींचा वास परत येतो, काहींना वेळ लागतो. पावसाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांतीला शेतकरी तिळगूळ घेऊन आले आणि प्रेमसिंगनं हसत हसत सगळ्यांना तारखा दिल्या. त्या दिवशी लोक गेल्यावर रुक्माबाईनं हळूच विषय काढला. "औंदा काडी लावून पाहत जावा की. एवढे कुकरवाले लावतात."

"पाच वर्षं न्हाई लावली. आता लावली तर लोक विचारतील काहून."

"विचारू द्या."

"अन सांगू काय? नाक मेलं म्हणून?" तो एकदम चिडला. "काडी तर त्या बाळापूरवाल्याकडं बी हाय. मोठी मशीन, चार ढोल. माझ्याकडं कोण येईल मंग? लोक कुकरसाठी येत न्हाईत, रुक्मा."

हे खरं होतं. आणि नाक मेलं हे त्याच्या तोंडून निघालंच नाही असं दोघांनी दाखवलं. तिनं ताट उचललं, त्यानं बिडी पेटवली. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. बोलायला हवं होतं. पण ज्या घरात एक लेकरू गेल्याचंही कधी मोठ्यानं बोललं गेलं नव्हतं, त्या घराला गप्प राहण्याची सवय लागलेली असते.

पहिली तारीख शिरड शहापूरच्या संतरामची होती. संतराम म्हणजे सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर भिजणारी काळी जमीन असलेला मोठा बागायतदार, आणि प्रेमसिंगचा सगळ्यात जुना शेतकरी. पहिल्या वर्षी तांड्यातल्या माणसाच्या हातात हळद द्यायला सगळे कचरत असताना यानं दिली होती. त्याची बायको चतुराबाई तोंडाची फटकळ. ती नवऱ्यालाही चारचौघांत सोडत नसे.

फेब्रुवारीतली सकाळ होती. शेतात हळदीचे ढीग, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करणाऱ्या दहा-बारा बाया, दोन शेजारचे शेतकरी खास प्रेमसिंगचं नाक पाहायला आलेले. चतुराबाईनं कुकरला कुंकू लावलं. ढोल भरला, झाकण आवळलं, भट्टी पेटली. प्रेमसिंग चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

मातीचा वास आला. मग झोंबणारा कच्चा वास आला. रुक्माबाईनं चावीकडं हातही नेला नव्हता; अजून अवकाश होता, चांगली पाच-सात मिनिटं होती. तिनं वर पाहिलं. प्रेमसिंगनं डोळे मिटलेले नव्हते. तो तिच्याकडं पाहत होता. सरळ, तिच्या तोंडाकडं, पापणी न हलवता. असं त्यानं तिच्याकडं लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्या नजरेचा अर्थ तिनं तेव्हाच लावला. तो म्हणतो आहे, रुक्मा, माझी लाज तुझ्या हातात आहे. बोलू नकोस.

ती बोलली नाही. गोरमाटीत चार शब्द टाकले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण बांधावर आपली बोली नाही. आणि मराठीत बोलावं तर बाया, शेजारी, संतराम, चतुराबाई, सगळे ऐकणार. तिनं मान खाली घातली आणि एक पऱ्हाटी भट्टीत सारली.

प्रेमसिंगचा हात वर गेला. तिनं चावी फिरवली.

ढोल उलटला, ताडपत्रीवर पिवळीधमक वाफाळणारी हळद पसरली, आणि ओली हळद सगळीच चांगली दिसते. प्रेमसिंगनं एक हळकुंड मोडलं, अर्धं भट्टीत टाकलं, अर्धं चतुराबाईच्या हातात दिलं. तिनं ते डोळ्याला लावून पदराच्या गाठीत बांधलं. शेजारचा एक शेतकरी म्हणाला, "काय नाक हाय राव." प्रेमसिंग हसला. ते हसू रुक्माबाईला बघवलं नाही.

दुसऱ्या ढोलाच्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्याच्या वेळीही. प्रत्येक वेळी तो आधी तिच्या तोंडाकडं पाहायचा, ती मान खाली घालायची, आणि त्याचा हात वर जायचा. दोन दिवसांत संतरामची सगळी हळद अशी निघाली.

हळद वाळायला पंधरा दिवस लागतात. ते दिवस रुक्माबाईनं कसे काढले तिचं तिला ठाऊक. पॉलिशच्या ढोलात घातल्यावर हळकुंडं उजळायच्या ऐवजी तुटायला लागली. मोंढ्यात व्यापाऱ्यानं एक हळकुंड मोडून आत पाहिलं आणि ढीग बाजूला सारला. विसाव्या दिवशी संतराम तांड्यावर आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खिशातून मूठभर हळकुंडं काढली, प्रेमसिंगच्या बाजेवर ठेवली आणि म्हणाला, "प्रेमसिंग, तुझ्यावर डोळे झाकून इसवास ठेवला रे." आणि गाडी फिरवून गेला.

प्रेमसिंगनं चूक कबूल केली, पण कारण सांगितलं नाही. मग लोकांनी आपापली कारणं लावली. कुणी म्हणालं माजला, कुणी म्हणालं पितो. राहिलेल्या तारखा एकेक करून फोनवर मोडल्या. मार्चमध्ये, हळदीचा हंगाम ऐन भरात असताना, कुकर तांड्यावर घरासमोर उभा होता आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्या त्याच्या ढोलाखाली सावलीला बसत होत्या.

पावसाळा मजुरीवर निघाला. दसरा झाला आणि एके दिवशी रुक्माबाई शेतातून आली तर प्रेमसिंग बाजेवर उभा राहून आढ्यात हात घालत होता.

"मुकादम आला व्हता," तो वळून न पाहता म्हणाला. "कुकर इकून टाकू. गिऱ्हाईक हाय. दोघं जाऊ, पुजाला संगं घेऊ."

"न्हाई," रुक्माबाई म्हणाली.

"मंग करावं काय?"

"कुकर इकायचा न्हाई. म्या येणार न्हाई. पुजा येणार न्हाई."

 त्यानं खरं तर दोन्ही कोयते काढले होते. त्यातला एक त्यानं परत आढ्यात खोचला. जोडप्याला फडात एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कामही तसंच मिळतं आणि मानही तसाच. अर्धा कोयता होऊन प्रेमसिंग गाडीत चढला. पुजा गाडीमागं रस्त्यापर्यंत गेली. रुक्माबाई दारातच उभी राहिली. एकदा गप्प राहून तिनं नवऱ्याला जपलं होतं, आता बोलून त्याला लांब धाडलं होतं, आणि यातलं कुठलं जास्त वाईट हे तिला कळेना. गाडी गेल्यावर तिनं आत येऊन चूल पेटवली आणि धुरात तोंड घालून पोटभर रडून घेतलं. धुराचं एक बरं असतं, कुणी विचारत नाही.

संक्रांत आली. तांड्यावर एकही शेतकरी तिळगूळ घेऊन आला नाही. तिनं दुपारपर्यंत वाट पाहिली, मग स्वतःच तीळ भाजले, गूळ घातला, पुजाला शेजारणीकडं ठेवलं आणि निघाली. कुकरवाल्यानं शेतकऱ्याच्या दारात तिळगूळ घेऊन जायचं, ही उलटी रीत होती. बघणाऱ्यांना हसू येत होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. तीन दिवस ती गावं हिंडली. कुणी तिळगूळ घेतला आणि पुढच्या वर्षी पाहू म्हणालं. कुणी विचारलं, नाकवाला कुठं गेला? एक जण म्हणाला, बाईच्या जातीनं भट्टी जाळावी, हळद शिजवणं तिचं काम नव्हं. ज्याच्या घरी रोजचा स्वयंपाक बाईच शिजवत होती तोच हे बोलला. शेवटी दोन लहान शेतकरी तयार झाले, ज्यांची हळद इतकी थोडी होती की मोठा कुकर त्यांच्याकडं फिरकत नव्हता.

चौथ्या दिवशी ती शिरड शहापूरला गेली.  चतुराबाई ओट्यावर तूर पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"आता कशाला आलीस?"

"तारीख मागायला."

"तोंड हाय का?"

"न्हाई. म्हणून आधी सांगते अन मंग मागते." रुक्माबाई खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. ताप, जळालेलं दूध, लिंबाची पानं. "त्यायला वास येत न्हाई, बाई. औंदा न्हाई, त्याच्या आधीपासून. अन तुमच्या शेतात मला येत व्हता. पहिल्या ढोलापासून येत व्हता. कच्ची हाय हे मला ठावं व्हतं."

सूप थांबलं. "मंग बोलली काहून न्हाईस?"

"एवढ्या लोकांत नवऱ्याची मान खाली गेली असती."

"अन आता वर हाय का?"

 चतुराबाई उठून आत गेली आणि पितळी डबी घेऊन आली. डबीत सहा अर्धी हळकुंडं होती, दर वर्षीचं एक. तिनं पाच एकेक करून ओट्याच्या फरशीवर आपटली, पाचही खणखणली. सहावं तिनं दोन बोटांत धरून दाबलं. त्याचा भुगा झाला आणि भुग्यातून एक बारीक किडा चालत बाहेर आला.

"हे देवापुढं ठेवलं व्हतं म्या," चतुराबाई म्हणाली.

रुक्माबाईनं तो भुगा आपल्या तळहातावर घेतला. तिला मोंढ्यातल्या ढिगाचं इतकं वाईट वाटलं नव्हतं. 

"माझ्या माणसाला म्या चारचौघांत बोलते," चतुराबाई म्हणाली. "पंचवीस वर्षं झाली. काही मेला न्हाई तो." मग तिनं पदरानं फरशी पुसली. "एक ढोल देते. एकच. त्यो बराबर निघाला तर पुढचं मालक पाहतील. अन काडी लावायची."

"काडी बी लावते," रुक्माबाई म्हणाली. "नाक बी लावते."

होळीच्या चार दिवस आधी ऊस संपून कारखान्याचा पट्टा पडला आणि प्रेमसिंग परत आला. गालफडं बसलेली, हाताला चिरा, पुजा त्याला बिलगली तेव्हा त्याला तिला उचलता आलं नाही. कोयता त्यानं दाराशी भिंतीला टेकवून ठेवला. रुक्माबाई वाट पाहत होती की तो कधी आढ्यात जातो. तो तिथंच राहिला. दोन लहान शेतकऱ्यांची हळद आणि एक ढोल एवढ्यावर वर्ष निघत नाही, हे तिलाही समजत होतं. दसरा लांब होता, पण कोयत्यानं आपली जागा धरली होती.

तिनं चतुराबाईला काय काय सांगितलं तेही तिनं त्याला सांगितलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्यानं नुसती मान हलवली आणि विचारलं, "मी यावं का संगं? भट्टीला?"

दुसऱ्या दिवशी संतरामच्या शेतात तो भट्टीशी बसला, तिच्या जागी. ती चार पावलं लांब जाऊन उभी राहिली, त्याच्या जागी. बाया हातातलं काम टाकून पाहत होत्या. संतराम बाभळीखाली खुर्ची टाकून बसला होता, तोंड दुसरीकडं करून. मातीचा वास आला, मग झोंबणारा आला, मग तो विरायला लागला. तिनं जरा थांबून हात वर केला. चावी फिरली. चतुराबाईनं स्वतः काडी घेऊन दहा हळकुंडांत घातली, दहाही वेळा आरपार गेली. रुक्माबाईनं एक हळकुंड मोडलं, अर्धं भट्टीत टाकलं, अर्धं चतुराबाईला दिलं. ती ते घेऊन संतरामकडं गेली.

दोघं भट्टीपाशी उरली. प्रेमसिंग काडक्यानं निखारे मागं-पुढं करत होता.

"त्या दिशी," तो एकदम म्हणाला, "मी तुझ्या तोंडाकडं पाहत व्हतो."

"ठावं हाय."

"तुला वास येतो हे मला पयल्या वर्षापासून ठावं व्हतं. माझ्या हाताआधी तुझा हात चावीवर जायचा, मला दिसायचं. म्हणलं, माझं न्हाई तर तुझं हाय. तुझ्याकडं पाहून हात वर करू, कुणाला कळणार न्हाई." त्यानं एक निखारा आत सारला. "तू मान खाली घातली. मला वाटलं, तू व्हय म्हणून राहिली."

रुक्माबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती तिथंच राखेत बसली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुमी म्हणून राहिले, बोलू नको."

"मी म्हणून राहिलो व्हतो, सांग."

सगळी हळद, सगळ्या तारखा, अर्धा कोयता होऊन काढलेला तो हिवाळा, हे एवढ्याशा गोष्टीत गेलं होतं. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर होतं आणि दोघांची बोली एकच होती. तिनं पिवळ्या हातांनी तोंड झाकून घेतलं. प्रेमसिंगनं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, लोकांत तसं करत नाहीत. तो नुसता निखाऱ्यांकडं पाहत बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं.

बाभळीखालून संतरामची हाक आली. "आणखी एक ढोल भरा." त्याच्या हातात ते अर्धं हळकुंड होतं. पुढं काय ते तो बोलला नाही, सगळ्या हळदीचं बोलला नाही. एक ढोल म्हणाला.

ढोल भरला. रुक्माबाई तोंड धुऊन आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मातीचा वास आला, मग झोंबणारा आला. प्रेमसिंगनं चावीवर हात ठेवला आणि मान वर करून तिच्या तोंडाकडं पाहिलं, गेल्या वर्षी पाहिलं होतं अगदी तसंच.

ती बोलली. आपल्या बोलीत, गोरमाटीत, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली. हळद निवडणाऱ्या बायांनी माना वर केल्या, संतराम खुर्चीतून वळला, चतुराबाईनं विचारलं, "काय म्हणलीस गं?"

"म्हणलं, अजून न्हाई," रुक्माबाई म्हणाली. "कच्ची हाय. थांबा."

प्रेमसिंगनं चावीवरचा हात काढून घेतला आणि तो थांबला.